ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो, एसी मधेच सोडतो: पार्ट बदलण्याआधी कनेक्टर तपासा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या गाडीत दिसत असेल, तर पुढचं वाचा.

- ब्लोअर एक, दोन, तीनवर गप्प, चारवर मात्र जोरात.
- ब्लोअर चालता चालता बंद पडतो आणि गाडी खड्ड्यात आदळली की पुन्हा सुरू होतो.
- प्रवाशाच्या पायापाशी जळक्या प्लास्टिकचा वास येतो. काहींना तो मासळीसारखा वाटतो.
- एसी सकाळी झकास थंड, पण अर्ध्या-पाऊण तासाने गरम हवा. गाडी थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा थंड.
- पळत्या गाडीत थंड, सिग्नलला उभं राहिलं की कूलिंग गायब.
- एसीचं बटण पेटतं, पण बॉनेटखाली कॉम्प्रेसर ‘टक्’ असा आवाज करत नाही.
- स्क्रीनवर बाहेरचं तापमान उणे ४० दिसतं.
- एसीचा किंवा ब्लोअरचा तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो.

मी ही दुरुस्ती इतक्या वेळा केली आहे की गाडी आली की हात आपोआप डॅशबोर्डच्या कप्प्यामागे जातो. अशा तक्रारींत बहुतेक वेळा ‘गॅस कमी झाला’ किंवा ‘मोटर गेली’ असं सांगून पार्ट बदलला जातो. आठ-दहा दिवस बरं चालतं आणि तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. कारण बिघाड पार्टमध्ये नसतो, पार्टला वायरीशी जोडणाऱ्या सांध्यात, म्हणजे कनेक्टरमध्ये असतो. नवीन पार्ट बसवताना तो कनेक्टर काढला आणि परत दाबला जातो. त्या दाबण्याने काही दिवस कॉन्टॅक्ट सुधारतो, एवढंच.

एक हिशेब लक्षात ठेवा. ब्लोअर शेवटच्या स्पीडला साधारण १५ ते २५ अँपिअर ओढतो. २० धरू. कनेक्टरच्या एका पिनेत गंजामुळे किंवा ढिलेपणामुळे फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला, तर तिथे २ व्होल्ट वाया जातात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटची असते. ती उष्णता नखाएवढ्या पिनेवर आणि भोवतीच्या प्लास्टिकवर रोज तासभर पडली, तर कनेक्टर वितळणारच. वितळला की पिनेची पकड आणखी सैल होते, रोध वाढतो, उष्णता वाढते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

कामाला हात घालण्याआधी

कनेक्टर काढण्यापूर्वी इग्निशन बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. मोजमापासाठी ती परत लावावी लागेल, ती तेव्हाच लावा. डॅशबोर्डखाली पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या स्लीव्हच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प लावायचा नाही, त्या काढायच्याही नाहीत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल कॉम्प्रेसरकडे जाते. त्यात शेकडो व्होल्ट असतात, तेव्हा तिथून हात लांब. आणि इंजिन चालू असताना बॉनेटखाली वाकायचं झालं, तर ओढणी, सैल बाही, लोंबणारी वायर यातलं काहीही बेल्टच्या आणि पंख्याच्या जवळ जाता कामा नये. रेडिएटरचा पंखा इशारा न देता सुरू होतो.

हत्यार न लागणारी तपासणी

ब्लोअर शून्यापासून शेवटपर्यंत एकेक स्पीड फिरवून बघा आणि निकाल कागदावर लिहा. साध्या नॉबच्या गाड्यांत हा कागदच अर्धं निदान करतो. खालच्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून (करंट अडवून स्पीड कमी करणारा पार्ट) जातो, शेवटच्या स्पीडला रेझिस्टर टाळून थेट मोटरला जातो. म्हणून फक्त शेवटचा स्पीड चालत असेल तर मोटर फिरते आहे, फ्यूज आणि अर्थ (करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) ठीक आहेत. दोष रेझिस्टरमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये आहे. उलट खालचे सगळे चालतात आणि शेवटचा नाही, तर स्विच, त्याचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा त्या एका वायरीकडे बघा. एकही चालत नसेल तर फ्यूज, रिले, अर्थ आणि मोटर या क्रमाने जा. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर तिथे साधा रेझिस्टर नसून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते बिघडलं की ब्लोअर कधी पूर्ण बंद पडतो, तर कधी बंद करूनही चालूच राहतो.

मग ब्लोअर मधल्या स्पीडला चालू ठेवून कप्प्यामागची वायरिंग हळूच हलवा. वायर ओढायची नाही, कनेक्टरच्या मानेपाशी बोटांनी डावी-उजवीकडे झुलवायची. हलवताना आवाज बदलला तर जागा सापडली. कनेक्टरला हात लावून बघा. कोमट लागला तर हरकत नाही, बोट ठेववत नसेल तर तिथेच काम आहे.

आता केबिन फिल्टर काढून बघा. वायरिंगच्या लेखात फिल्टर का, असं वाटेल. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि ब्लोअरचीच हवा त्याला थंड ठेवते. फिल्टर धुळीने भरला की हवा कमी होते, रेझिस्टर जास्त तापतो आणि त्यावरचा थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) उडतो. फिल्टर तसाच ठेवून नवीन रेझिस्टर बसवला, तर तोही जाणार.

फ्यूज आणि रिले

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून सोडू नका. काढा आणि त्याच्या पात्या बघा. पाती काळी किंवा निळसर झाली असेल, प्लास्टिक पिवळं पडून वाकलं असेल, तर फ्यूज ‘चांगला’ असूनही त्याची जागा सैल झाली आहे. हीसुद्धा कनेक्टरचीच तक्रार आहे, फक्त फ्यूजबॉक्समध्ये. ब्लोअरला बऱ्याचदा ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज असतो. उडाला म्हणून त्याजागी मोठा फ्यूज किंवा वायरीचा तुकडा कधीही घालू नका. फ्यूज मोटरला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळते.

रिले तपासण्याची सर्वात स्वस्त रीत म्हणजे अदलाबदल. बॉक्समध्ये बहुधा हॉर्नचा किंवा दुसरा कुठला तरी रिले त्याच नंबरचा असतो. नंबर आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तरच बदलून बघा. रिले ‘टक्’ वाजला म्हणजे तो ठीक, असं मात्र समजू नका. आवाज त्याच्या कॉइलचा असतो. आतले कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झाले असतील तर तो वाजेल, पण करंट पुढे पाठवणार नाही.

कनेक्टर उघडून बघणं

मन लावून करायचं काम हेच. बॅटरी सुटलेली आहे ना, पुन्हा खात्री करा. कनेक्टरची कडी दाबून तो सरळ बाहेर काढा, वायरीला धरून ओढू नका. चांगल्या उजेडात दोन्ही बाजू बघा.

तपकिरी किंवा काळं झालेलं प्लास्टिक लगेच दिसतं, पण बाकीचं दिसायला वेळ लागतो. हिरवट पूड म्हणजे तांब्यापर्यंत पाणी पोचलं. काळसर, राखेसारखी पूड म्हणजे वेगळी गोष्ट आहे. पिनांवर कथिलाचा पातळ मुलामा असतो. गाडीच्या थरथरीने पिना एकमेकींवर अगदी सूक्ष्म अंतर सरकत राहतात, मुलामा घासला जातो आणि त्याचं ऑक्साइड मध्ये साचतं. बाहेरून कनेक्टर नवा दिसतो, आत कॉन्टॅक्ट कधी लागतो कधी नाही. ‘खड्ड्यात आदळली की सुरू होतो’ या तक्रारीमागे मला हेच सर्वात जास्त वेळा सापडलं आहे.

एखादी पिन शेजारणींपेक्षा आत सरकली आहे का, हेही बघा. आधी कुणी कनेक्टर लावताना पिन नीट बसलेली नसेल तर ती मागे ढकलली जाते. कनेक्टर ‘टक्’ करून बसतो, कडीही लागते, पण ती पिन समोरच्या पिनेला जेमतेम शिवते.

शेवटची गोष्ट पिनेच्या पकडीची. त्याच मापाची सुटी नर पिन मिळाली तर ती प्रत्येक भोकात घालून ओढून बघा. सगळीकडे सारखी पकड जाणवायला हवी. एखाद्यात ती सुळकन आत-बाहेर होत असेल, तर ती मादी पिन फाकली आहे. बरेचदा ती कुणीतरी मीटरचा जाड प्रोब समोरून खुपसल्यामुळे फाकलेली असते. म्हणून कळकळीने सांगतो, मोजायचं असेल तर कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने बारीक सुई सरकवून मोजा. इन्सुलेशनला टोचून मोजू नका. त्या छिद्रातून ओल आत जाते आणि काही महिन्यांनी वायर आतून हिरवी होऊन तुटते.

ओल दिसली तर ती आली कुठून हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन वाटा नेहमीच्या. विंडस्क्रीनच्या खालच्या जाळीतल्या पाण्याच्या वाटा पानांनी तुंबतात आणि पाणी ब्लोअरवर उतरतं. किंवा कूलिंग कॉइलचं (केबिनची हवा थंड करणारी जाळी) पाणी बाहेर नेणारी नळी तुंबते आणि ते पाणी पायाखालच्या मॅटमध्ये मुरतं. पायापाशी ओल आहे का, हाताने दाबून बघा.

मीटर: करंट वाहत असतानाच मोजा

इथे सर्वाधिक फसगत होते. कनेक्टर काढून वायरीवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, ‘सप्लाय आहे’ म्हणून मोटर बदलली. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी तो १२ व्होल्ट दाखवेल. त्याच वायरीला २० अँपिअर वाहायला सांगा, मग खरं कळतं.

म्हणून सगळं जोडलेलं ठेवा, ब्लोअर शेवटच्या स्पीडला चालवा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरा मोटरच्या अर्थ वायरीवर. लागल्यास लांब वायर जोडून घ्या. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास असावा. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला तर अर्थचा बोल्ट शोधा. तो बहुधा बाजूच्या पॅनेलमागे असतो, त्याच्याखाली रंग किंवा गंज सापडतो. बोल्ट काढा, पत्रा आणि रिंग चकचकीत घासा, घट्ट बसवा. आता सप्लायची बाजू: एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरा मोटरच्या सप्लाय वायरीवर. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. जास्त असेल तर बॅटरीकडून मोटरकडे एकेक सांधा मोजत या. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो, दोष तिथे.

मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायर लावून वापरा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे एका धाग्यावर लटकलेली वायर लगेच उघडी पडते. मात्र हा बल्ब फक्त ब्लोअर, फ्यूज आणि रिलेच्या जाड वायरींवर. सेन्सरच्या किंवा कंट्रोल युनिटच्या (एसी चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बारीक वायरींवर तो लावलात तर युनिटच जळेल.

कनेक्टर वितळलेला होता तर मोटरचा करंटही मोजायलाच हवा, डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर). एका गाडीत मी तीन रेझिस्टर आणि दोन कनेक्टर बदलले, तरी ते जळत राहिले. चौथ्या वेळी करंट मोजला तर मोटर २८ अँपिअर ओढत होती. फ्यूज ३० चा, त्यामुळे तो कधी उडाला नाही. मोटर काढून हाताने फिरवली तर ती जड होती, बुश झिजले होते. मोटर बदलल्यावर तो कनेक्टर आजतागायत टिकला आहे. त्या दिवसापासून वितळलेला कनेक्टर दिसला की मी पहिला प्रश्न मोटरला विचारतो.

कॉम्प्रेसरची बाजू

एसी चालू केल्यावर क्लच (बेल्टच्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारी चुंबकी पकड) खेचला जातो का ते लांबून बघा. काही गाड्यांत क्लच नसतोच, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे ‘टक्’ची वाट बघू नका.

क्लचची कॉइल साधारण ३ ते ४ ओहमची असते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे कॉइल ३० वरून ९० अंशांवर गेली की रोध जवळपास २३ टक्क्यांनी वाढतो आणि चुंबकाची ओढ घटते. त्यातच कनेक्टरने एक-दोन व्होल्ट खाल्ले किंवा झिजेमुळे क्लचची फट वाढली असेल, तर गरम झाल्यावर क्लच सुटतो. ‘सकाळी थंड, अर्ध्या तासाने गरम’ याचं हे एक नेहमीचं कारण. बिघाड चालू असतानाच क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायरिंग बघा. व्होल्टेज पुरेसं असूनही क्लच सुटत असेल तर फट किंवा कॉइल.

सिग्नलला कूलिंग जात असेल तर कंडेन्सरचा (गाडीच्या पुढची, गॅस थंड करणारी जाळी) पंखा बघा. पंखा फिरला नाही की गॅसचा दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. पळत्या गाडीत वाऱ्याने काम भागतं. पंख्याचा कनेक्टरही ब्लोअरसारखाच वितळतो, कारण करंट तितकाच मोठा.

प्रेशर स्विचला वायर लावून बायपास करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. ऐकू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस गळून गेला म्हणून स्विचने कॉम्प्रेसर थांबवला असेल आणि तुम्ही तो जबरदस्तीने चालवलात, तर तो कोरडा फिरून जाम होईल.

बारीक वायरींचे सेन्सर

कूलिंग कॉइलवरचा सेन्सर थंडीत रोध वाढवतो, उष्णतेत कमी करतो. त्याच्या कनेक्टरला गंज लागला तर जादा रोध जोडला जातो आणि युनिटला वाटतं की कॉइल गोठायला आली. ते कॉम्प्रेसर लवकर बंद करतं. गॅस पूर्ण, कॉम्प्रेसर नवा, तरी कूलिंग अर्धवट. वायर पूर्ण तुटली तर कॉम्प्रेसर सुरूच होणार नाही. दोन्ही वायरी आपसात शॉर्ट झाल्या तर उलट, युनिटला कॉइल तापलेली वाटते. कॉम्प्रेसर थांबत नाही, कॉइलवर बर्फ साचतो आणि तासाभराने हवाच येईनाशी होते.

बाहेरच्या तापमानाचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो. स्क्रीनवरचे उणे ४० हे तुटलेल्या जोडणीचं चिन्ह आहे. बाहेर बर्फाळ थंडी आहे असं समजून बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर चालूच करत नाहीत. बंपरचं काम झाल्यानंतर एसी बंद पडला असेल तर पहिला हा कनेक्टर बघा. अनेकदा तो लावायचाच राहिलेला असतो.

जोडताना

जळालेला कनेक्टर घासून परत लावू नका. तापलेल्या पिनेचा ताण गेलेला असतो, ती पुन्हा घट्ट धरत नाही. वायरीसकट मिळणारा नवा कनेक्टर घ्या. जुनी वायर तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे कापा. काळी वायर ठेवली तर सांधा तिथेच तापेल. वायर मूळ जाडीचीच, बारीक नको. सांधा क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी) बसवा. पीळ मारून टेप गुंडाळणं हा सांधा नव्हे. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि पीळ सुटतो. सगळे सांधे एका रांगेत नको, मागे-पुढे ठेवा, म्हणजे जाडी एका जागी येत नाही आणि चुकून उघडे पडले तरी एकमेकांना लागत नाहीत.

इथे थांबा

फ्यूज बदलल्या क्षणी पुन्हा उडत असेल तर तिसरा फ्यूज घालू नका, कुठेतरी वायर बॉडीला लागली आहे आणि ती शोधायला इलेक्ट्रिशियनच हवा. उंदरांनी हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडला असेल, फ्यूजबॉक्स आतून वितळला असेल, सेन्सरसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल, तरीही तेच. पिवळ्या आणि नारिंगी वायरींबद्दल वर सांगितलं आहे. गॅसची नळी स्वतः उघडायची नाही. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, बाहेर उडालेला थेंब कातडी आणि डोळा गोठवतो. आणि डॅशबोर्डमधून धूर दिसला तर तपासणी नाहीच. इंजिन बंद, सगळे खाली, आणि सहज हात पोचत असेल तरच बॅटरी सोडवा.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना तो स्पीडचा कागद आणि मोजलेले आकडे बरोबर न्या. ‘एसी चालत नाही’ याऐवजी ‘शेवटच्या स्पीडला अर्थवर ०.८ व्होल्ट पडतात’ असं सांगितलंत, तर तो थेट त्या बोल्टपाशी जाईल.

दुरुस्ती झाल्यावर ब्लोअर शेवटच्या स्पीडला २० मिनिटं चालवा आणि नव्या कनेक्टरवर बोट ठेवा. मग तिसऱ्या स्पीडला तेवढाच वेळ, कारण तेव्हा करंट रेझिस्टरमधून जातो आणि दुसऱ्या पिना तापतात. आठवड्याने पुन्हा एकदा हात लावून बघा. पहिल्या दिवशी कोमट होता आणि आता चटका बसतोय, तर मोटरचा करंट मोजायचा राहिला आहे.